एकीलाच बोलावलं होतं

एप्रिलपासून शिरपूरला पंखा वारा देत नाही, नुसता कालचाच उन्हाळा खोलीभर फिरवतो. अशा दिवसांत माझी रूममेट भाविका खोलीतसुद्धा पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "टॅन होतो."

"खोलीत?"

"ट्यूबलाइटनं पण होतो थोडा."

आम्ही दोघी बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला होतो. तीन वर्षं शिकून मी हे उत्तर खरं मानलं, यावरून माझ्या अभ्यासाची कल्पना यावी.

मी मृणाली, गाव नशिराबाद. माझे पप्पा धम्मपाल एसटीत कंडक्टर आहेत. त्यामुळे माणसांना जागेवर बसवणं, मागच्यांना पुढे सरकवणं आणि उतरायची आठवण करून देणं हे माझ्या रक्तातच आहे. भाविका अगदी उलटी. ती रावेरकडच्या एका गावातली, घरी केळीचे मळे. गावातून फार्मसीला आलेली ती पहिलीच मुलगी, म्हणून सगळं गाव तिला 'डॉक्टरीण' म्हणायचं आणि तसंच वागवायचं. तिच्या फोनवर दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांचे, सुजलेल्या टाचांचे, असे फोटो यायचे, एकदा तर म्हशीच्या डोळ्याचाही आला. तिच्या वडिलांचे थोरले भाऊ छगननाना रोज सकाळी चहाच्या वेळेला स्वतःच्या गुडघ्याचा फोटो पाठवायचे. भाविका प्रत्येकाला उत्तर द्यायची. "नाना, आज सूज कमी दिसते." नाही म्हणणं तिला येत नव्हतं, आणि रागावणं तर अजिबातच नाही. त्यांच्या घरात रागवायचा हक्क दोघांनाच होता: एक तिच्या वडिलांना, तोताराम आबांना, आणि दुसरा म्हशीला.

एका दुपारी ती न्हाणीघरात कपडे धूत होती. दार लोटलेलं होतं. मी माझी बादली मागायला सरळ आत गेले. तिच्या बाह्या वर होत्या. हातावर जखमा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. अपघाताच्या नव्हत्या हे कळायला फार्मसी लागत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओल्या हातांनीच बाह्या खाली ओढल्या.

"कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे जे केलं ते सगळं चुकीचं केलं, आणि अगदी क्रमाने केलं. आधी ओरडले. मग रडले. मग तिच्याकडून तिच्या आईची शपथ घेतली. शपथ तीन दिवस टिकली, आणि चौथ्या दिवशी तिला दुप्पट वाईट वाटत होतं, कारण आता त्यात आईही आली होती. मग मी खोलीतलं जे काही धोक्याचं वाटलं ते पिशवीत भरून वॉर्डन सुनंदाबाईंकडे ठेवायला दिलं. पिशवीत त्यांना स्टेपलर, कंगवा आणि दोन चमचे सापडले. "मृणाली, ही चोरी आहे की दान?" त्यांनी विचारलं. त्या आठवड्यात आम्ही दही हातानं खाल्लं.

शेवटी मी तिला मोबाइलवर सुविचार पाठवायला लागले. डोंगराआडून सूर्य वर येतोय आणि खाली 'प्रत्येक रात्रीनंतर सकाळ असते', असले. नवव्या सूर्याला भाविकाचं उत्तर आलं: "अजून एक सूर्य पाठवलास तर ब्लॉक करीन. इथं आधीच त्रेचाळीस डिग्री आहे."

तेव्हा मी सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या ताईंना मी एका दमात सगळं सांगितलं, स्टेपलरसकट. त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही पाणी प्या." मी प्यायले. मग त्यांनी सांगितलं की ओरडू नका, शपथा घालू नका, तिचं ऐकून घ्या, आणि मरणाचे विचार येतात का ते सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. आणि तिला समुपदेशकाकडे घेऊन जा.

मी खोलीत आले. भाविका कॉटवर वही उघडून बसली होती. मी दारातच उभी राहून विचारलं, "भाविका, तुला मरायचंय का?"

तिनं वही मिटली.  मग म्हणाली, "नाही गं. मरायचं नाहीये. डोक्यात सगळं एकदम गलका करतं, आणि तो थांबवायचा दुसरा मार्ग सापडत नाही. तेवढ्यापुरतं थांबतं. मग लाज वाटते. मग परत गलका."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून."

म्हणजे मी तिच्या शेजारी वर्षभर झोपत होते आणि तिला टॅनवरून चिडवत होते. मी तिच्याजवळ बसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच बरं झालं. ती तासभर बोलली.

शनिवारी आम्ही धुळ्याची एसटी धरली. तिथल्या देवपुरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर समुपदेशक पावरा मॅडम बसायच्या. सातपुड्यातल्या पाड्यावरून शिकून आलेल्या, बारीक अंगाच्या, हळू आवाजाच्या. पहिल्या दिवशी मी भाविकाबरोबर आत जाऊन खुर्चीत बसले आणि तिची माहिती सांगायला सुरुवात केली. मॅडमनी माझं दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "तुम्हाला काय त्रास होतोय?"

"मला नाही, हिला."

"मग बाहेर थांबता का?"

मी बाहेर थांबले. पुढचे सगळे शनिवार बाहेरच थांबले.

जूनच्या सुरुवातीला मॅडम तिला म्हणाल्या, आता घरचं कोणीतरी एक माणूस घेऊन ये. तुला ज्याच्याशी बोलायला सोपं वाटतं असं. भाविकानं चार दिवस विचार केला. आई रडेल. आबा गप्प होतील, आणि आबांचं गप्प होणं ओरडण्यापेक्षा वाईट. भाऊ कुंदन कोणालातरी मारायला निघेल. राहता राहिली शेवंता आत्या, आबांची बहीण. तरुणपणीच नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, विड्या वळणाऱ्या बायकांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना तोंडावर सुनावणारी. भाविकाचा तिच्यावर जीव होता.

फोन माझ्यासमोरच केला. "आत्या, शनिवारी धुळ्याला येशील? एका मॅडमकडे जायचंय, दवाखान्यात. नाही, फोनवर नाही सांगता येणार. घरात कोणाला बोलू नको, फक्त तू ये."

 मग आत्याचा आवाज, एकदम मऊ. "येते माय. तू काही काळजी करू नको. जेवत जाय नीट."

"बघ," भाविका फोन ठेवत म्हणाली, "आत्याला बोलावलं ते बरं झालं."

आता मुलीचा फोन, दवाखाना, बाईमाणूस डॉक्टर आणि कोणाला सांगू नको, या चार गोष्टी एकत्र केल्या की रावेर तालुक्यात त्याचा एकच अर्थ निघतो, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी दहा वाजता आम्ही दवाखान्याखाली उभ्या होतो. समोर एक बोलेरो पिकअप येऊन थांबली. एरवी केळी वाहणारी गाडी. पुढे कुंदन गाडी चालवत होता, शेजारी तोताराम आबा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मागून केळीला लावायच्या फोमच्या गाद्यांवरून आधी छगननाना उतरले, गुडघा धरून. मग भाविकाची आई मंदाबाई. डोळे सुजलेले. शेवटी शेवंता आत्या, हातात केळीच्या चार फण्या.

भाविकानं माझा दंड धरला. "मी एकीला बोलावलं होतं."

"मी फकत वहिनीले सांगतलं," आत्या जवळ येऊन कुजबुजली. "वहिनी रडाले लागली, ते तुह्या आबानं पाह्यलं. आबा जेवला नाही, ते नानानं पाह्यलं. नी गाडी कोण चालवनार, म्हनून कुंदन."

कोणीच भाविकाला रागावलं नाही, हेच विचित्र होतं. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या पोटाकडे पाहिलं. कुंदननं तिच्या हातातली पर्स काढून स्वतःच्या खांद्याला लावली. "वजन नको उचलू," तो म्हणाला. पर्समध्ये एक रुमाल आणि एसटीचा पास होता.

वर मॅडमची आधीची वेळ संपायची होती. आम्ही बाकड्यांवर बसलो. आत्या सरकत सरकत माझ्याजवळ आली. "मृणाली, खरं सांग. कितवा महिना?"

मला वाटलं, मॅडमकडे येऊन किती महिने झाले ते विचारतेय. "दुसरा," मी म्हणाले.

आत्यानं डोळे मिटले. मग दोन बोटं करून आईला दाखवली. आईनं ती छगननानांना दाखवली, आणि नानांनी खिडकीबाहेर पाहत मोठा श्वास सोडला.

पावरा मॅडमनी दार उघडलं आणि त्यांना समोर एका नातेवाइकाऐवजी पाच नातेवाईक आणि चार फण्या केळी दिसली. त्यांनी भाविकाकडे पाहिलं. "सगळे आत आले तर चालेल तुला? नाही म्हणालीस तरी चालेल."

भाविकानं आईकडे पाहिलं. "येऊ द्या," ती म्हणाली. "इतक्या लांबून आलेत." मग माझ्याकडे वळून, "तू पण."

आत चार खुर्च्या होत्या. आबा बसले नाहीत. ते टेबलासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि रावेरपासून धुळ्यापर्यंत मनात घोकलेलं भाषण सुरू केलं.

"मॅडम, जे झालं ते झालं. पोरगी आमची हाये. तिले आमी टाकनार नाही. मी काल रातभर इचार केला. मुलगा कोन आहे तेवढं सांगा. आमी त्याच्या घरी जाऊ, हात जोडू. लगीन लावून देऊ. जातीचं आमी काही धरनार नाही."

"जरासं धरू," छगननाना म्हणाले.

"नाना!" आबा म्हणाले.

"बरं, नाही धरत."

भाविका सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. "कोणाचं लग्न?"

"तुहं," आई हुंदका देत म्हणाली.

"कोणाशी?"

"तेच तं आमी इचारू राह्यलो!" आत्या म्हणाली, आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. "हिच्या भावासंगं असंन. हीच तं सारखी बरोबर असते. पियुष नाव हाये ना त्याचं?"

"आत्या, पियुष नववीत आहे!" मी ओरडले. "त्याला अजून बुटाची लेस बांधता येत नाही!"

 पावरा मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला शपथेवर सांगता येईल की त्या हसू दाबत होत्या. आणि मग भाविका हसायला लागली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ती पोट धरून हसली, खुर्चीवरून खाली घसरायची बाकी राहिली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कोणालाच कळलं नाही. तिच्या आईला तेवढं कळलं. ती उठून तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"मुलगा नाहीये, आबा," भाविका म्हणाली. "बाळ पण नाहीये. मी... मला फार ताण आला की मी स्वतःला जखमा करून घेते. दीड वर्ष झालं. मॅडम मला त्यातून बाहेर यायला मदत करतात. हे सांगायला मी आत्याला बोलावलं होतं."

कोणाला काही उमजेना. कुंदन उठला. "कोणी तरास दिला? नाव सांग फक्त."

"कोणी नाही रे."

"कोणीतरी असंनच," म्हणत कुंदन परत खुर्चीत बसला.

छगननाना हळूच म्हणाले, "बाहेरचं काही असलं तं आपल्याकडे एक भगत..."

"गप बसा हो नाना," आत्या म्हणाली.

आईनं मागून भाविकाच्या बाहीला हात घातला. मॅडम म्हणाल्या, "ताई, थांबा. तिला दाखवायचं असेल तेव्हा ती दाखवेल. रोज हात तपासू नका. आणि हे नाटक नाही, वेडही नाही. आतलं दुखणं फार झालं आणि ते सांगायला जागा सापडली नाही, की काही मुलं असं करतात. दुसरे मार्ग शिकता येतात. ती शिकतेय. वेळ लागेल."

तोताराम आबा अजून उभेच होते. त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकवला. "म्हंजे मुलगा नाही?"

"नाही, आबा."

"मॅडम," ते म्हणाले, "मी रस्ताभर तयारी केली होती. लोक काय म्हनतीन त्याची. मुलाच्या बापाच्या पाया पडायची. बठ्ठी तयारी केली होती. ह्याची नाही केली." मग ते बसले. कुंदनच्या मांडीवरच बसले, कारण खुर्ची त्याची होती.

सगळ्यांच्या बसायच्या जागा लावून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "ह्याची तयारी सोपी आहे, पण कंटाळवाणी आहे. रोज तिला विचारायचं, दिवस कसा गेला. आणि ऐकायचं. आत्ताच करून बघा."

आबांनी शर्ट नीट केला. "भाविका. दिवस कसा गेला?"

"बरा."

"बरं," आबा म्हणाले आणि झालं की नाही अशा नजरेनं मॅडमकडे पाहिलं.

"आता थांबा," मॅडम म्हणाल्या. "काही बोलू नका."

आबा थांबले. पंखा फिरत होता. नानांना खोकला आला, तो त्यांनी गिळला. आत्याच्या तोंडातून एक शब्द बाहेर येत होता, तो आईनं कोपरानं आत ढकलला. मिनिट गेलं असेल, पण त्या घराण्यात कोणी मिनिटभर गप्प बसल्याची नोंद नसावी.

"बरा नाही गेला, आबा," भाविका म्हणाली. "माझे दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. मी नापास आहे. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही सगळे डॉक्टरीण म्हणता, आणि मला रोज वाटतं की मी खोटी आहे. रोज. पण तेवढंच नाही. खूप काय काय आहे, मलाही सगळं सांगता येत नाही."

आबांचं तोंड उघडलं. मानेची शीर ताठ झाली. मॅडमनी हात जरासा वर केला. आबांनी जे काही घशात आलं होतं ते गिळलं. त्यांना ते फार जड गेलं असावं, कारण डोळ्यांत पाणी आलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग?"

तेवढंच. पण भाविका पुढे अर्धा तास बोलली, आणि आबा मधेमधे फक्त 'मंग?' म्हणत राहिले.

मधेच एकदा छगननानांचा चेहरा पडला. "माय, एक इचारू? ते माह्या गुडघ्याच्या गोळ्या... नापास झालेल्या इषयातल्या तं नाही ना?"

"नाही नाना," भाविका डोळे पुसत म्हणाली. "त्या विषयात पास आहे. पण आता फोटो डॉक्टरांना दाखवा. मला रोज नका पाठवू."

नानांना वाईट वाटलं, ते लपलं नाही. पण ते म्हणाले, "बरं. आठवड्यातून एकदा?"

"नाही."

दोन वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं नकाराचं 'नाही'.

दुसरं तासाभरानं आलं. आम्ही सगळे स्टँडजवळ शेवभाजी खायला बसलो होतो. आत्यानं तिच्या ताटात आग्रहानं अजून रस्सा वाढला, तशी भाविकानं ताटावर हात आडवा धरला. "नको म्हटलं ना. आणि आत्या, मी तुला एकटीला बोलावलं होतं. कोणाला सांगू नको म्हटलं होतं. तू पिकअप भरून माणसं आणलीस. मला तुझा राग आलाय." आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले.

आत्यानं वाटी खाली ठेवली. सरपंचाला तोंडावर सुनावणारी ती बाई ताटाकडे बघत राहिली. "चुकलं माय माह्यं," ती म्हणाली. "घाबरली होती मी. एकटीले झेपलं नसतं."

 थोड्या वेळानं भाविकानं आत्याच्या ताटातला कांदा उचलून खाल्ला. राग गेला नव्हता, पण जेवण चालू राहिलं. तिला आजवर वाटत होतं की आपण रागावलो तर काहीतरी कोसळेल. रस्सा थोडा सांडला, बाकी काही झालं नाही.

त्याला आता सहा महिने झाले. सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. दोन विषयांपैकी एक सुटला, एक अजून आहे. दिवाळीत घरी पाहुण्यांची गर्दी झाली तेव्हा तिचा तोल एकदा गेला. पण त्या वेळी तिनं स्वतःहून मॅडमना फोन केला, आणि नंतर आईलाही सांगितलं. आई रडली, पण तिच्याजवळ बसून रडली. आबा रोज संध्याकाळी सातला फोन करतात, दिवस कसा गेला विचारतात आणि गप्प बसतात. नेटवर्क गेलं तरी त्यांना कळत नाही. एकदा ते दहा मिनिटं बंद फोनचं ऐकत बसले होते, असं कुंदन सांगतो. कुंदनला मारायला कोणी सापडलं नाही, म्हणून तो महिन्यातून एकदा चार तास गाडी चालवून तिला भेटायला येतो आणि 'काय मग' म्हणून परत जातो.

आणि गेल्या आठवड्यात तिचं माझ्याशी भांडण झालं. तिला लायब्ररीतून यायला उशीर झाला म्हणून मी तिला सात फोन केले, मग वॉर्डनला गाठलं, मग लायब्ररीत जाऊन सगळ्यांसमोर तिला नावानं हाक मारली. ती खोलीत येऊन माझ्यावर अशी ओरडली की शेजारच्या मुली दारात आल्या.

"मी तुझी पॅसेंजर नाहीये, मृणाली! मला बसवू नको, उठवू नको! मैत्रीण हो फक्त, जमत असेल तर!"

मला फार लागलं. मी म्हणाले, मी तुझ्यासाठी एवढं केलं. ती म्हणाली, माहितीये, म्हणूनच सांगतेय. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि मनातल्या मनात तिला उत्तरं देत राहिले. त्यातली तीन-चार फारच चांगली होती.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. शेजारी बसली नाही, जरा लांब उभी राहिली.

"मेसमध्ये भरीत आहे," ती म्हणाली. "संपेल."

"मला भूक नाही."

"बरं," ती म्हणाली आणि चालायला लागली. मला वाटलं होतं ती थांबेल, आग्रह करेल. ती थांबली नाही. भरीत खरंच संपलं असतं, म्हणून मी उठले आणि तिच्यामागे पळाले.